विश्लेषण : तीन सेकंदांत अचूक नेम! पिस्तूल नेमबाजीत वेग येतो तरी कुठून?

यवतमाळ जिल्ह्यात ‘नेमबाज’ हा शब्द अनेकांच्या तोंडी आला तो २०१८ मध्ये, आणि तोही खेळाच्या पानावरून नव्हे. पांढरकवडा-राळेगाव परिसरातील टी-१ ऊर्फ अवनी वाघिणीला त्या वर्षी २ नोव्हेंबरच्या रात्री गोळी घालण्यात आली आणि पुढे कित्येक महिने चावडीपासून न्यायालयापर्यंत तीच चर्चा चालली. त्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, २२ ऑगस्टला, इंडोनेशियातील पालेम्बांग येथे कोल्हापूरच्या राही सरनोबतने आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले होते. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या अंतिम फेरीतला एक आकडा मात्र फारसा कुणी पाहिला नाही. राहीचे ५० पैकी ३४ नेम ग्राह्य धरले गेले. म्हणजे १६ हुकले, तरी सुवर्ण!

शांतपणे, हवा तेवढा वेळ घेऊन नेम धरणे ही एक गोष्ट. घड्याळ डोक्यावर टिकटिकत असताना तोच नेम धरणे ही अगदी वेगळी. हा वेग कसा तयार होतो, आणि जिथे २५ मीटरची रेंज हाताशी नाही तिथल्या मुलामुलींना त्याची तयारी करता येते का?

२५ मीटर पिस्तूल प्रकार नेमका काय आहे?

महिलांच्या या प्रकारात पॉइंट २२ बोअरचे पिस्तूल एका हातात धरून ६० गोळ्या झाडायच्या असतात. पहिल्या ३० संथ टप्प्यात. तिथे पाच गोळ्यांसाठी पाच मिनिटे मिळतात. उरलेल्या ३० वेगवान टप्प्यात. तिथे हात शरीराशी ४५ अंशांहून जास्त वर न ठेवता खाली धरून उभे राहायचे. सात सेकंद लाल दिवा. हिरवा लागला की तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत हात उचलायचा, नेम साधायचा आणि एकच गोळी झाडायची. पुन्हा हात खाली, पुन्हा सात सेकंद. असे पाच वेळा केले की एक मालिका पूर्ण होते. वेळ संपल्यावर लागलेली गोळी शून्य.

पुरुषांचा रॅपिड फायर प्रकार आणखी कठीण. शेजारी शेजारी पाच टार्गेट, प्रत्येकावर एक गोळी, आणि पाचही गोळ्यांसाठी मिळून आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंद. याच प्रकारात विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले. अंतिम फेरीत त्याचे ४० पैकी ३० नेम लागले. सुवर्ण जिंकणाऱ्या क्युबाच्या लेउरिस पुपोचे ३४ होते. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजांनाही चार सेकंदांच्या मालिकेत दर सहा-सात गोळ्यांमागे एक सोडावी लागते, हे यातून दिसते.

राहीच्या अंतिम फेरीकडे परत येऊ. पात्रता फेरीत मनू भाकर ५९३ गुणांसह पहिली होती, राही ५८० गुणांसह सातवी. अंतिम फेरीत सगळ्यांची पाटी कोरी होते आणि गुण मोजण्याची पद्धतही बदलते. दहाच्या वर्तुळाच्याही थोडे आत, म्हणजे १०.२ किंवा त्याहून चांगला नेम लागला तरच ‘हिट’, नाहीतर काहीच नाही. नऊला अर्धे गुण वगैरे भानगड नाही. मनू सहावी आली. राही आणि थायलंडची नाफास्वान यांगपायबून ३४ वर बरोबरीत राहिल्या. शूट-ऑफच्या पहिल्या फेरीतही बरोबरी झाली आणि दुसऱ्या फेरीत राहीने बाजी मारली.

अडचण बोटात आहे की डोळ्यांत?

नवख्या नेमबाजाला वाटते, काळा गोल मध्यभागी स्थिर दिसला पाहिजे. तो कधीच स्थिर दिसत नाही, कारण हात हलतोच. मग तो वाट पाहतो, पाहता पाहता अडीच सेकंद जातात आणि उरलेल्या अर्ध्या सेकंदात घाबरून ट्रिगर ओढला जातो. वेगवान टप्प्यातील बहुतेक खराब गोळ्या अशा उशिराने घाईत सुटलेल्या असतात.

इथे थोडे गणित कामाला येते. २५ मीटरवरच्या वेगवान टप्प्यातील टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातील अंतर नियमानुसार जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. आता दोन चुका शेजारी ठेवून पाहा. माशी आणि खाच अगदी बरोबर जुळलेली आहेत, पण सगळा हात दोन सेंटिमीटर डावीकडे सरकला. गोळी दोन सेंटिमीटर डावीकडे लागेल, तरीही दहाच! दुसरी चूक अशी की हात जागेवर आहे, पण माशी खाचेच्या मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकली. २५ मीटरवर ती चूक साडेपाच सेंटिमीटरहून मोठी होते आणि दहा हातचे जाते.

थोडक्यात, हाताचे डोलणे माफ आहे, मनगटाचे वळणे माफ नाही. म्हणूनच प्रशिक्षक टार्गेटकडे नको, माशीकडे बघ असे पुन्हा पुन्हा सांगतात. टार्गेट जरा धूसर दिसले तरी चालते, माशी लख्ख दिसली पाहिजे. हे एकदा अंगवळणी पडले की स्थिरतेची वाट पाहण्यात जाणारा वेळ आपोआप वाचतो.

दुसरा भाग ट्रिगरचा. या प्रकारात ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम असावा लागतो आणि पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम. म्हणजे जवळपास पिस्तुलाच्या वजनाइतकाच जोर बोटाने लावायचा आणि पिस्तूल मात्र केसभरही वळू द्यायचे नाही. झटका दिला तर उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी बहुधा खाली डावीकडे, घड्याळातल्या सात-आठच्या दिशेला जाते. कागदावर छिद्रे त्या बाजूला जमू लागली तर माशीची जुळवणी बदलायच्या आधी बोट तपासावे. माशी फिरवून चूक झाकणारे नेमबाज प्रत्येक रेंजवर भेटतात.

मग वेग कुठून येतो?

तीन सेकंदांचा हिशेब मांडून पाहा. दिवा हिरवा झालेला डोळ्यांना दिसून शरीर हलायला ढोबळमानाने ०.२ सेकंद लागतात. हे फारसे कमी करता येत नाही. हात वर यायला समजा एक सेकंद. उरले १.८. हा वेळ ट्रिगरच्या कामासाठी भरपूर आहे, पण एका अटीवर, ती म्हणजे ट्रिगरचे काम हात थांबल्यावर सुरू करायचे नाही. हात वर येत असतानाच ट्रिगरचा पहिला, हलका टप्पा घेऊन झालेला असतो. हात काळ्या भागात शिरताना हळू होतो, दाब वाढत जातो आणि हात थांबता थांबता गोळी सुटते. तिन्ही कामे एकामागून एक करण्याऐवजी एकात एक मिसळली जातात. पोळी लाटता लाटता तव्यावरची उलटणाऱ्या बाईला कुणी ‘घाई करते’ म्हणत नाही, तसेच हे.

वेग आणि अचूकता यांचे भांडण अभ्यासकांना जुनेच माहीत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स याने १९५४ मध्ये मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका तिथे पोहोचायला हाताला वेळ जास्त लागतो. मोबाइलवर मोठे बटण पटकन दाबले जाते आणि कोपऱ्यातल्या बारीक फुलीवर दोनदा बोट मारावे लागते, त्यामागे हाच नियम आहे. नेमबाजाला लक्ष्य मोठे करता येत नाही. पण हात दर वेळी एकाच वाटेने वर आला, तर शेवटची दुरुस्ती लहान होते आणि तिथेच सेकंदाचे दशांश वाचतात. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेट ७५ सेंटिमीटरच्या अंतराने असतात. ते अंतर मनगटाने कापायला गेले की माशी खाचेतून सुटते. म्हणून तिथे कमरेपासूनचे अख्खे धड वळवतात, हात जसाच्या तसा.

राहीच्या कारकिर्दीत हे काम टप्प्याटप्प्याने झालेले दिसते. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे तिने विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले. पुढे कोपराच्या दुखापतीने तिला बराच काळ मागे खेचले. एका हाताने पिस्तूल उचलणाऱ्याला कोपर दुखणे म्हणजे काय, हे सांगायला नको. २०१७ मध्ये तिने मुन्खबायर दोर्जसुरेन यांना प्रशिक्षक म्हणून घेतले. याच प्रकारात मुन्खबायर यांच्या नावावर दोन ऑलिम्पिक कांस्यपदके आहेत, १९९२ मध्ये मंगोलियाकडून आणि २००८ मध्ये जर्मनीकडून. त्यानंतर २०१८ चे आशियाई सुवर्ण, २०१९ मध्ये म्युनिक आणि २०२१ मध्ये ओसियेक विश्वचषकाचे सुवर्ण आले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मात्र ती पात्रता फेरीतच बाद झाली. हा खेळ असाच निष्ठुर आहे.

‘प्रॅक्टिकल शूटिंग’मध्ये घड्याळच भागाकार करते

जगात पिस्तुलाचा आणखी एक खेळ लोकप्रिय आहे, प्रॅक्टिकल शूटिंग. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया शहरात स्थापन झाली. यात नेमबाज कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढतो, आखलेल्या मार्गावर पळतो, वाटेतल्या पुठ्ठ्याच्या आणि लोखंडी टार्गेटवर नेम धरतो. ब्रीदवाक्यच अचूकता, ताकद आणि वेग असे आहे. भारतात राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धांचा मुख्य भर ऑलिम्पिक प्रकारांवर असल्याने हा खेळ आपल्याकडे बहुतेकांनी मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलेला असतो. मात्र त्याची गुण मोजण्याची पद्धत वेग आणि अचूकतेचा व्यवहार इतका स्वच्छ दाखवते की २५ मीटरच्या नेमबाजानेही ती समजून घ्यावी.

तिथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. त्या भागाकाराला ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. कमी ताकदीच्या काडतुसांसाठी पुठ्ठ्यावरच्या ए भागाला ५ गुण, सीला ३, डीला १, आणि नेम हुकला तर उणे १०. समजा १२ गोळ्यांचा टप्पा आहे. पहिल्या नेमबाजाने बाराही ए मारले, ६० गुण, १२ सेकंद. भागाकार ५. दुसऱ्याने दहा ए आणि दोन सी, ५६ गुण, १० सेकंद. भागाकार ५.६. तिसरा सुसाट सुटला. आठ ए, दोन सी, एक डी आणि एक हुकली. ३७ गुण, ८ सेकंद, भागाकार ४.६३. जिंकला दुसरा. सगळ्यांत अचूकही नव्हता आणि सगळ्यांत वेगवानही नव्हता.

याच आकड्यांतून पुढे जाता येते. भागाकार ५.६ असेल तर एका सेकंदाची किंमत ५.६ गुण झाली. सीचा ए करण्यासाठी २ गुण मिळतात, म्हणजे त्यासाठी जास्तीत जास्त ०.३६ सेकंद खर्च करणे परवडते. हुकलेली गोळी मात्र १५ गुणांना पडते, पाच गेले आणि दहा दंड. त्याची किंमत २.७ सेकंदांच्या घरात. त्यामुळे हुकल्याची शंका आली की अर्ध्या सेकंदात दुसरी गोळी मारणे फायद्याचे, आणि सीला लागलेल्या गोळीवर रडत बसणे तोट्याचे. चांगला प्रॅक्टिकल नेमबाज हा हिशेब धावता धावता करतो. म्हणजे खरे तर आधी घरी करून आलेला असतो.

१० मीटरच्या हॉलमध्ये हा सराव होतो का?

होतो, आणि यवतमाळच्या वाचकांसाठी हाच मुद्दा महत्त्वाचा. राज्यातील शालेय रायफल शूटिंग स्पर्धा १० मीटरवर, एअर रायफल आणि एअर पिस्तुलाने होतात. पुसदचा, वणीचा किंवा दारव्ह्याचा विद्यार्थी याच दारातून खेळात येतो. तिथे ६० गोळ्यांना सव्वा तास मिळतो, घाई नसते. त्यामुळे वेगाचा सराव आपल्या वाट्याचा नाही, असा समज होतो. तो खरा नाही.

टार्गेटचे माप पाहा. २५ मीटरवरचे १०० मिलिमीटरचे दहाचे वर्तुळ १० मीटरवर ४० मिलिमीटरचे दिसेल. एअर पिस्तुलाच्या नेहमीच्या टार्गेटवर आठचे वर्तुळ ४३.५ मिलिमीटरचे आहे. म्हणजे १० मीटरच्या हॉलमध्ये, हात ४५ अंशांतून उचलून, तीन सेकंदांत मारलेला आठ हा जवळपास २५ मीटरवरचा दहा झाला. एअर पिस्तूल दर वेळी भरावे लागते, त्यामुळे सात सेकंदांची लय जमणार नाही. पण प्रत्येक वेळी भरून, हात खाली घेऊन, तीन सेकंदांत एक गोळी असा क्रम कुठल्याही क्लबमध्ये करता येतो. ट्रिगर मात्र हलका असतो, किमान ५०० ग्रॅम. तेवढा फरक राहतोच.

सात-तीनची खरी लय ड्राय प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे छर्रा न भरता केलेल्या सरावात बसते. मोबाइलवर सात आणि तीन सेकंदांचे बीप लावायचे आणि कोऱ्या भिंतीसमोर हात उचलायचा. भिंतीवर लक्ष्य नसते, त्यामुळे डोळा आपोआप माशीवर टिकतो. मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा सेकंदाला २४० चित्रे टिपत असेल तर एका चित्राचा अर्थ सुमारे ०.००४ सेकंद. बाजूने चित्रण करून हात कधी हलला, कधी थांबला, ट्रिगर कधी सुटला हे मोजता येते. एरवी रील बघण्यात जाणारा फोन इथे हजारो रुपयांच्या टायमरचे काम करतो.

मोजताना सरासरीवर भुलू नये. एकाच्या पाच वेळा २.१, २.२, २.१, २.३, २.२ सेकंद. दुसऱ्याच्या १.६, २.७, १.९, २.८, २.०. सरासरी दोघांचीही २.२ च्या आसपास. पण दुसऱ्याच्या दोन गोळ्या दिवा लाल होण्याच्या काठावर आहेत आणि स्पर्धेत त्या काठापलीकडे जाणारच. आधी वेळ एकसारखी करायची, मग ती हळूहळू कमी करायची, हा क्रम उलटा केला की वाईट सवय वेगाने पक्की होते.

सुरक्षेचे नियम मात्र भिंतीसमोरही तेच. खोलीत छर्रे नकोत, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री, नळी कुणाकडेही वळवायची नाही, लहान मूल घरात असेल तर दार बंद. पॉइंट २२ पिस्तूल पिनची सोय नसताना रिकामे चालवले तर बिघडू शकते, तेव्हा प्रशिक्षकाला विचारूनच.

अडते कुठे?

पॉइंट १७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पॉइंट २२ ला लागतो, आणि शस्त्र कायद्यानुसार परवान्यासाठी वय किमान २१ वर्षे हवे. सतरा वर्षांच्या मुलीला २५ मीटरकडे वळायचे तर सर्वसाधारणपणे मान्यताप्राप्त क्लबचे किंवा संघटनेचे शस्त्र, त्यांची देखरेख आणि त्यांची रेंज हवी. पुण्यातील बालेवाडीच्या संकुलात किंवा मुंबईत वरळीला ही सोय आहे. यवतमाळहून पुणे सहाशे किलोमीटरच्या घरात. तीन सेकंदांच्या सरावासाठी एसटीत किंवा रेल्वेत रात्र काढायची, दोन दिवस राहायचे आणि परत यायचे, हे वर्षातून किती वेळा जमेल?

कोल्हापूरकडे बोट दाखवणे सोपे आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, एका जिल्ह्यातून एवढी नावे. तिथे दुधाळीची रेंज होती आणि एका खेळाडूला बघून दुसरी तयार होण्याइतकी वर्षे ती चालू राहिली. विदर्भात गुणवत्ता कमी आहे असे मानायला काहीच आधार नाही. कमी आहेत त्या रेंज.

प्रत्येक जिल्ह्यात २५ मीटरची रेंज बांधा, ही मागणी मात्र व्यवहार्य नाही. गोळी अडवणारा मागचा बंधारा, बाजूच्या भिंती, शस्त्रे ठेवण्याची सुरक्षित खोली, परवानग्या, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे ती रोज चालवणारा माणूस. कुलूपबंद संकुलांची राज्यात वाण नाही. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांसाठी मिळून एक चालती रेंज, तिथे महिन्यातून ठरलेले दोन दिवस यवतमाळच्या मुलांसाठी आणि क्लबची शस्त्रे, एवढे सरकारने केले तरी पुण्याच्या फेऱ्या वाचतील. ‘आधी १० मीटर तरी नीट होऊ द्या’ हा आक्षेप ऐकायला ठीक वाटतो. पण मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १० मीटरची दोन कांस्यपदके घेतली आणि त्याच आठवड्यात २५ मीटरमध्ये चौथी आली, तेही कांस्यपदकाच्या शूट-ऑफमध्ये हरून. दोन्ही प्रकार एकमेकांना धरूनच वाढतात.

यात केवळ पदकांचा प्रश्न नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि राहीची उपजिल्हाधिकारी म्हणून नियुक्ती खेळातूनच झाली. ज्या जिल्ह्यात कापसाच्या भावावर मुलांच्या शिक्षणाचा निर्णय होतो, तिथे पालक खेळाकडे कसे पाहतात हे अशा उदाहरणांवर अवलंबून असते.

तोवर एक काम जिल्ह्यातच होण्यासारखे आहे. लाल-हिरव्या दिव्यांची सात-तीन यंत्रणा बाजारातून मागवायची गरज नाही. अर्डुइनोचा एक बोर्ड, एलईडीच्या दोन पट्ट्या आणि एक भोंगा, एवढ्यावर यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनातील विद्यार्थी ती सत्राच्या प्रकल्पात उभी करू शकतात. आठ, सहा आणि चार सेकंदांची वेळ त्याच प्रोग्राममध्ये तीन ओळींत बसते.